संकेतस्थळाचा पत्ता कसा वाचावा
इंटरनेटच्या परिभाषेचा पहिला पाठ

हल्लीं शेतकऱ्याचा सरकारी दप्तराशीं येणारा संबंध पुष्कळसा पडद्यावरून येऊं लागला आहे. सातबाराचा उतारा, आठ-अ, फेरफाराची नोंद, पीक विम्याचा अर्ज, अवजारांवरील अनुदान, प्रधानमंत्री किसान सन्मान निधीचे वर्षाचे ६,००० रुपये, हीं सर्व कामें आज इंटरनेटच्या मार्गानें होतात. पूर्वीं चावडीवर जाऊन तलाठ्यास विचारावें लागे. तेथें माणूस समोर असे, दप्तर समोर असे, आणि शिक्का खरा कीं खोटा हें निदान कागद हातांत घेऊन पाहतां येई. पडद्यावर समोर येतें तें केवळ एक पान. तें कोठून आलें, कोणीं पाठविलें, आणि त्यावर आपण भरलेली माहिती कोणाकडे जाणार, हें ज्यास कळत नाहीं त्याची स्थिति पूर्वीच्या निरक्षर कुळासारखी होते. अंगठा कशावर उठला हें त्यास मागाहून कळे.

या विषयाचे शब्द परके असले तरी त्यांच्या मागील कल्पना शेतकऱ्यास अपरिचित नाहींत. प्रस्तुत लेखकाची उमेद महसुली दप्तरांत कारकुनी करण्यांत गेली, म्हणून दाखले बहुतेक त्याच दप्तरांतले घेतले आहेत. पाठाचें सार आरंभींच सांगून ठेवतों : पानाचें रूप कोणासही नकलतां येतें, परंतु त्याचा पत्ता नकलतां येत नाहीं, म्हणून पानावर विश्वास ठेवण्यापूर्वीं पत्ता वाचावा. असें कां, हें समजण्यास कांहीं शब्दांची ओळख असावी लागते. ती क्रमानें करून घेऊं.

१. इंटरनेट आणि वेब

हे दोन शब्द बोलण्यांत एकाच अर्थानें येतात. वस्तुतः ते निराळे आहेत. इंटरनेट म्हणजे जगांतील संगणकांस एकमेकांशीं जोडणारें जाळें. त्यास रस्ता म्हणावें. त्याच्या मोठ्या तारा समुद्राच्या तळाशीं घातलेल्या असून त्यांपैकीं कित्येक मुंबईच्या किनाऱ्यावर वर येतात. आपल्या मोबाईलपासून जवळच्या मनोऱ्यापर्यंतचा शेवटचा टप्पा तेवढा बिनतारी असतो. अमेरिकेंत २९ ऑक्टोबर १९६९ रोजीं दोन संस्थांच्या संगणकांमध्यें पहिला संदेश गेला, तेथें या जाळ्याचा आरंभ मानतात. भारतांत सामान्य लोकांस तें १५ ऑगस्ट १९९५ पासून विदेश संचार निगमाच्या द्वारें मिळूं लागलें.

वेब ही त्या रस्त्यावरून होणारी एका प्रकारची वाहतूक होय. ई-मेल ही दुसरी, व्हॉट्सॲपचे निरोप ही तिसरी. वेबची योजना टिम बर्नर्स-ली या गृहस्थांनीं १९८९ सालीं जिनिव्हाजवळील सर्न या पदार्थविज्ञानाच्या संस्थेंत मांडली. तेथील शास्त्रज्ञांचे कागद निरनिराळ्या संगणकांवर विखुरलेले असत. माणूस संस्था सोडून गेला कीं त्याचें टिपण कोठें आहे हें कोणास सांपडत नसे. एका कागदांतून दुसऱ्या कागदाकडे नेणारी सोय असावी, एवढाच मूळ हेतु होता. ३० एप्रिल १९९३ रोजीं त्या संस्थेनें ही पद्धति सर्व जगास विनामूल्य मोकळी केली. त्यामुळें आज कोणीही मनुष्य, कोणाची परवानगी न काढतां, वेबवर पान मांडूं शकतो. हा वेबचा मोठा गुण आहे, आणि फसवणुकीस वावही त्यामुळेंच मिळतो.

२. सर्व्हर, ब्राउझर आणि शोधयंत्र

सर्व्हर म्हणजे रात्रंदिवस चालू ठेवलेला संगणक. त्यांत पानें सांठविलेलीं असतात, आणि मागणी आली कीं तो पानाची नक्कल पाठवितो. अभिलेख कक्षांतील रेकॉर्ड कीपर मूळ कागद बाहेर न देतां नक्कल देतो, तसेंच हें आहे. एकमेकांशीं जोडलेल्या पानांच्या समूहास संकेतस्थळ अथवा वेबसाईट म्हणतात.

ब्राउझर हा आपल्या बाजूचा निरोप्या. क्रोम, फायरफॉक्स, सफारी हे ब्राउझर होत. आपण पत्ता दिला कीं तो सर्व्हरकडे मागणी नेतो आणि आलेली नक्कल पडद्यावर मांडून दाखवितो. तो सांगितलेल्या घरीं जातो. घर चोराचें आहे कीं सावाचें, हें तो बहुधा सांगत नाहीं.

शोधयंत्र म्हणजे वेबवरील पानांची सूचि. गूगल हें असें एक शोधयंत्र आहे. पुष्कळ लोक त्यालाच इंटरनेट समजतात, ती समजूत चुकीची आहे. 'गूगलवर मिळालें' याचा अर्थ 'सूचींत नोंद सांपडली' एवढाच. त्यांतही सूचीच्या वरच्या ओळी पुष्कळदां पैसे भरून घेतलेल्या जाहिराती असतात, व त्यांवर 'प्रायोजित' असा शब्द बारीक अक्षरांत लिहिलेला असतो. आठवड्याच्या बाजारांत वेशीजवळची जागा जास्त भाडें देणाऱ्यास मिळाली, तर तेवढ्यानें त्याचा माल चोख ठरत नाहीं. सरकारी योजनेचें संकेतस्थळ शोधतांना पहिल्याच ओळीवर बोट ठेवूं नये.

३. पान कसें तयार होतें

सर्व्हरवरून पान येतें तें तयार चित्राच्या रूपानें येत नाहीं, लिखित मजकुराच्या रूपानें येतें. हा मजकूर एचटीएमएल नांवाच्या खुणांच्या भाषेंत असतो. प्रत्येक भागाच्या आधीं व नंतर कोनी कंसांत एक लहान खूण असते : हा मथळा, हा परिच्छेद, हें कोष्टक, हें चित्र, हा दुवा. मथळ्यांच्या सहा पायऱ्या ठरलेल्या आहेत. खुणा वाचून ब्राउझर पान मांडतो. रंग, अक्षरांचा आकार, समास या गोष्टी सीएसएस नांवाच्या दुसऱ्या भाषेंत लिहितात. पानांतील हालचाल आणि हिशेब जावास्क्रिप्ट नांवाच्या तिसऱ्या भाषेंत असतात. गट नंबर न भरतां बटण दाबलें तर 'गट नंबर भरा' अशी सूचना उमटते, ती सहसा या तिसरीची करामत होय.

गांव नमुना सात डोळ्यांपुढें आणावा. कोणत्या रकान्यांत भोगवटादाराचें नांव, कोणत्या रकान्यांत क्षेत्र, कोणत्यांत आकार, ही आंखणी म्हणजे एचटीएमएल. शाईचा रंग व अक्षराचें वळण म्हणजे सीएसएस. रकाने भरतांच बेरीज जुळवून देणारा कारकून म्हणजे जावास्क्रिप्ट.

पानावरील भरावयाच्या रकान्यांस फॉर्म म्हणतात. 'सादर करा' हें बटण दाबलें कीं भरलेली माहिती एका सर्व्हरकडे जाते. ती कोणाकडे जावी हें पान तयार करणारा ठरवितो, आणि तें पानाच्या आंतील मजकुरांत लिहिलेलें असतें. पडद्यावर दिसत नाहीं. यास्तव आधार क्रमांक, बँक खात्याचा क्रमांक इत्यादि भरणें म्हणजे न पाहिलेल्या माणसाच्या हातांत कागद देणें होय.

आतां मुख्य मुद्द्याकडे येऊं. पान मांडण्यासाठीं त्याचा मजकूर ब्राउझरच्या हातीं यावाच लागतो, आणि जें हातीं आलें तें नकलतां येतें. संगणकावर कोणत्याही पानाचा आंतील मजकूर एका आज्ञेनें उघडून पाहतां येतो. तो उचलून दुसऱ्या सर्व्हरवर ठेवला कीं हुबेहूब तसेंच पान तयार होतें. अशोकस्तंभ, योजनेचें बोधचिन्ह, मंत्र्यांचें छायाचित्र, सर्व जसेंच्या तसें येतें. हें काम अल्पावधींत होण्याजोगें आहे. शेतांत सौर पंप बसवून देणाऱ्या केंद्र सरकारच्या पीएम-कुसुम योजनेच्या नांवानें अशीं बनावट संकेतस्थळें निघालीं व नोंदणी शुल्क म्हणून शेतकऱ्यांकडे पैसे मागण्यांत आले. केंद्रीय नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयास त्याविरुद्ध एकाहून अधिक वेळां जाहीर सूचना काढाव्या लागल्या. फसलेले लोक अडाणी होते असें समजूं नये. त्यांनीं पान नीट पाहिलें होतें. पत्ता मात्र पाहिला नव्हता.

४. दुवा

पानावरील ज्या शब्दांवर बोट ठेवतांच दुसरें पान उघडतें, त्यांस दुवा अथवा लिंक म्हणतात. दुव्यांत दोन गोष्टी असतात : दिसणारे शब्द आणि आंत लपलेला पत्ता. या दोहोंचा मेळ असलाच पाहिजे असा नियम नाहीं. पानावर 'पीएम किसान, येथें दाबा' असें लिहून आंत भलताच पत्ता ठेवतां येतो. मोबाईलच्या ब्राउझरमध्यें दुव्यावर बोट थोडा वेळ दाबून धरलें असतां बहुधा आंतला पत्ता दिसतो. तो वाचावा व मगच पुढें जावें.

क्यूआर म्हणून ओळखला जाणारा काळ्या-पांढऱ्या चौकटींचा चौकोन हाही बहुधा चित्ररूपानें लिहिलेला पत्ताच असतो. तो छापील कागदावर आहे म्हणून अधिक विश्वसनीय ठरत नाहीं.

५. पत्ता व डोमेन नांव

इंटरनेटवरील प्रत्येक सर्व्हरास आंकडी क्रमांक असतो. जुन्या पद्धतीच्या क्रमांकांत बिंदूंनीं वेगळे केलेले चार आंकडे असतात व प्रत्येक आंकडा ० ते २५५ पर्यंतचा असतो. असे क्रमांक माणसाच्या लक्षांत राहणें कठीण, म्हणून त्यांस नांवें दिलीं. आरंभीं सर्व नांवांची एकच यादी कॅलिफोर्नियांतील एका संशोधन संस्थेंत ठेवलेली असे व इतर संगणक तिची नक्कल घेत. संगणक वाढले तेव्हां एका वहीनें काम भागेना. १९८३ सालीं पॉल मोकापेट्रिस यांनीं कामाची वांटणी करून दिली : वरच्या दप्तरानें खालच्या दप्तराचा पत्ता तेवढा ठेवावा, आणि खालच्यानें आपल्या हद्दींतील नांवें सांभाळावीं. जिल्ह्याच्या दप्तरीं प्रत्येक गटाची वही नसते. तेथें तालुका कळतो, तालुक्याकडे गांव कळतें, गांवाकडे गट कळतो. या व्यवस्थेंतील नांवास डोमेन नांव म्हणतात. एका दप्तरीं एक नांव एकाच वेळीं एकालाच मिळतें. पत्ता नकलतां येत नाहीं याचें कारण हेंच.

टपालाच्या पत्त्यांत आपण आधीं मुक्काम, मग तालुका, शेवटीं जिल्हा लिहितों. लहान भाग आधीं, मोठा शेवटीं. डोमेन नांवाची रीत तीच आहे. महाराष्ट्राच्या भूमि अभिलेखाच्या एका संकेतस्थळाचा पत्ता पाहूं. पडद्यावर तो रोमन अक्षरांत दिसतो. येथें वाचकांच्या सोयीसाठीं आपल्या अक्षरांत दिला आहे :

भूलेख.महाभूमि.जीओव्ही.आयएन

हा शेवटाकडून वाचावा. 'आयएन' हा भारताचा जिल्हा म्हणावा. त्यांतील 'जीओव्ही' हा सरकारचा तालुका. त्यांतील 'महाभूमि' हें गांव, आणि 'भूलेख' हें त्या गांवांतील घर. 'जीओव्ही.आयएन' या हद्दींतील नांव केवळ सरकारी संस्थांस, तेंही राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या मार्फत मिळतें. 'कॉम', 'ऑर्ग' किंवा नुसतें 'आयएन' यांखालील नांव मात्र वर्षाचें शुल्क भरून कोणीही घेऊं शकतो.

लबाडी ओळखण्यासाठीं तीन कल्पित नमुने पाहावे.

(अ) महाभूमि-जीओव्ही.आयएन. येथें 'जीओव्ही' च्या आधीं बिंदु नसून आडवी रेघ आहे. म्हणजे हा सरकारचा तालुका नव्हे. 'महाभूमि-जीओव्ही' असें एक अखंड खाजगी नांव आहे.

(आ) महाभूमि.जीओव्ही.आयएन.अमुक.कॉम. येथें शेवट 'अमुक.कॉम' असा आहे. त्याच्या अलीकडील सर्व शब्द अमुकानें आपल्या घरांतील खोल्यांस दिलेलीं नांवें होत. आपल्या गोठ्यास 'कलेक्टर कचेरी' असें नांव देण्यास कोण अडविणार ?

(इ) अमुक.कॉम/महाभूमि.जीओव्ही.आयएन. तिरप्या रेघेनंतर येतो तो त्या सर्व्हरवरील पानाचा मार्ग. त्यांत मालक वाटेल तें लिहूं शकतो.

यावरून वाचण्याची रीत अशी ठरते : पत्त्याच्या आरंभीं दोन तिरप्या रेघा येतात त्या सोडाव्या, त्यानंतर पहिली तिरपी रेघ येईल तेथें थांबावें, आणि तेथून मागें, उजवीकडून डावीकडे, एकेक बिंदु ओलांडीत वाचावें. रेघ नसेल तर पत्त्याच्या शेवटापासून आरंभ करावा. मोबाईलवर पत्ता अपुरा दिसतो, म्हणून त्यावर बोट ठेवून तो पूर्ण उघडावा.

दोन गोष्टी आणखी ध्यानांत ठेवाव्या. देवनागरींत लिहिलेलीं '.भारत' हीं डोमेन नांवें २०१४ पासून मिळूं लागलीं. परंतु नांव आपल्या अक्षरांत आहे एवढ्यावरून तें सरकारी ठरत नाहीं. तसेंच भारतीय बँकांसाठीं 'बँक.आयएन' ही राखीव हद्द रिझर्व्ह बँकेनें नेमून दिली असून ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत बँकांनीं तिच्यांत जावें अशी आज्ञा केली होती. बियाण्यांच्या कंपन्या, सहकारी संघ व व्यापारी यांचे खरे पत्तेही 'कॉम' मध्यें असूं शकतात. ते पावतीवरून अथवा प्रत्यक्ष कचेरींत विचारून घ्यावे, निरोपांतून आलेल्या दुव्यावरून घेऊं नयेत.

६. कुलुपाचें चिन्ह

पत्त्याच्या आरंभीं 'एचटीटीपीएस' हीं अक्षरें असलीं म्हणजे आपला ब्राउझर व तो सर्व्हर यांच्यामधील मजकूर सांकेतिक लिपींत जातो. वाटेंत कोणास तो वाचतां येत नाहीं. ब्राउझर हें दाखविण्यासाठीं कुलुपाचें चित्र काढीत. लोक त्याचा अर्थ 'हें संकेतस्थळ विश्वासाचें' असा करूं लागले, आणि तो चुकीचा होता. लाखेनें बंद केलेला लखोटा टपालवाल्यास फोडतां येत नाहीं. पण लखोटा ज्याच्या हातीं पडणार तो ठकच असेल तर लाख काय करणार? कुलुपासाठीं लागणारें प्रमाणपत्र आज विनामूल्य मिळतें व ठकही तें घेतात. अशा गैरसमजुतीमुळेंच क्रोमनें २०२३ सालीं कुलुपाचें चित्र काढून दुसरें चिन्ह घातलें. सार इतकेंच कीं, 'एचटीटीपीएस' नसेल तेथें माहिती भरूं नये. आणि असेल तेथेंही पत्ता वाचल्याशिवाय भरूं नये.

७. खातें, कुकी व ॲप

सर्व्हरची एक खोड आहे : तो माणूस ओळखीत नाहीं. एक पान दिलें कीं मागणारा कोण होता हें तो विसरतो. म्हणून खात्यांत प्रवेश केल्यावर तो आपल्या ब्राउझरजवळ एक चिठ्ठी देऊन ठेवतो, व पुढील प्रत्येक मागणीबरोबर ती चिठ्ठी परत पाहतो. या चिठ्ठीस कुकी म्हणतात. चिठ्ठी ज्या ब्राउझरजवळ आहे त्याला सर्व्हर खातेदारच समजतो. सेवा केंद्रांतील संगणकावरून किंवा दुसऱ्याच्या मोबाईलवरून काम केलें असतां आपण उठून गेलों तरी चिठ्ठी तेथेंच राहते. म्हणून काम संपतांच 'लॉगआउट' अथवा 'बाहेर पडा' हें बटण दाबल्यावांचून उठूं नये. परवलीचा शब्द केंद्रचालकाच्या वहींत लिहून ठेवण्याची चाल तर सर्वस्वी सोडावी. ओटीपी म्हणजे एकाच वेळेपुरता परवलीचा आंकडा. तो सांगणें म्हणजे त्या व्यवहारावर आपली सही करून देणें होय.

ॲप हें पान नव्हे. पान ब्राउझरच्या कुंपणाआंत राहतें. ॲप मोबाईलमध्यें वस्तीस येतें, आणि परवानगी दिल्यास निरोप वाचूं शकतें. निरोपांत ओटीपी असतो, हें सांगावयास नकोच. पीएम किसानच्या नांवाची 'एपीके' फाईल व्हॉट्सॲपवरून पाठवून खातें रिकामें केल्याचे प्रकार घडले आहेत. निरोपांतून आलेली अशी फाईल कोणीं पाठविली हें न पाहतां काढून टाकावी. ओळखीच्या माणसाचा मोबाईलही ठकाच्या ताब्यांत गेलेला असूं शकतो.

८. सातबाराचा उतारा व वरील रीत

भूलेख संकेतस्थळावर विनामूल्य दिसणारा सातबारा केवळ माहितीसाठीं असतो. डिजिटल स्वाक्षरीचा उतारा महाभूमीच्याच हद्दींतील दुसऱ्या ठिकाणीं १५ रुपये शुल्क देऊन मिळतो. त्यास तलाठ्याच्या शाईच्या सहीची गरज नसते. अशा उताऱ्यावर पडताळणी क्रमांक असतो. जमीन विकत घेतांना समोरच्यानें दाखविलेला छापील उतारा कितीही सुबक असो, त्यावर विसंबूं नये. रूप नकलतां येतें हें आपण पाहिलेंच. तो पडताळणी क्रमांक आपण स्वतः, आपल्या हातानें पत्ता लिहून उघडलेल्या सरकारी संकेतस्थळावर घालून पाहावा. कागदावरील क्यूआर दाखवील त्या पानावर पडताळणी करावयाची असल्यास आधीं त्या पानाचा पत्ता 'जीओव्ही.आयएन' येथें संपतो कीं नाहीं तें पाहावें. नाहींतर खोट्या उताऱ्यास खोटेंच पान साक्षीदार मिळावयाचें.

इतकें करूनही पैसे गेलेच, तर लाजेनें घरीं बसूं नये. तत्काळ १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर कळवावें व आपल्या बँकेसही सांगावें. ठकाच्या हातीं पडण्यापूर्वीं रक्कम एका खात्यांतून दुसऱ्यांत फिरत असते. जितक्या लवकर कळवाल तितका ती मध्येंच अडविली जाण्याचा संभव अधिक.

अभ्यास

१. इंटरनेट व वेब यांतील फरक एका दाखल्यानें सांगा.
२. आपल्या मोबाईलवर आलेला कोणताही एक दुवा न उघडतां त्याचा आंतील पत्ता काढा व तो वहींत लिहा.
३. पीएम किसान, पीक विमा व आपली बँक यांचे पत्ते कचेरींतून मिळवून उजवीकडून डावीकडे वाचा; प्रत्येक बिंदूपाशीं थांबून तो भाग कोणाच्या हद्दींतला तें सांगा.
४. पानावर राजमुद्रा आहे व पत्त्यास 'एचटीटीपीएस' आहे. तरी तें पान बनावट असूं शकेल काय? कारणें द्या.
५. वरील तिसरा अभ्यास घरांतील वडीलधारी मंडळी व मुलें या दोघांकडूनही करून घ्या. मोबाईल मुलांच्या हातांत असतो, पण खातें वडिलांच्या नांवें असतें. त्यामुळें पत्ता वाचण्याची रीत दोघांसही आली पाहिजे.